चार लेकींचं माहेर

बोलता बोलता काकांचा हात खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे गेला की समजायचं, कुणाला तरी कुत्रीचं पिलू मिळणार. दुपट्ट्याचं टोक ते चिमटीत धरत, एक वेढा घेत आणि दातांनी आवळून म्हणत, "गाठ मारली. पिलू तुमचं." एवढं झालं की समोरच्याने निर्धास्त घरी जावं. पिलू हातात पडलं की त्याच माणसाच्या देखत ती गाठ सुटायची. दुपट्टा धुवायला टाकतानासुद्धा काकू गाठी चाचपून बघत आणि एकही सैल होऊ देत नसत.

हिंगणघाटला कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर काकांचं दोरांचं दुकान होतं. कासरे, दावी, वेसणी, म्होरक्या, बैलांच्या घागरमाळा. पोळ्याआधी आठ दिवस तिथे पाय ठेवायला जागा नसे. एरवी काका उंबऱ्याशी बसून दोर वळत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकत. सारं गाव त्यांना दोरवाले काका म्हणे, मीही म्हणे. खरं नाव कधी विचारल्याचं आठवत नाही. तुमच्याही गावात असा एखादा काका असेल, ज्याला नावाची गरजच पडली नाही.

ऐंशी सालच्या आसपास मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले. मी साताऱ्याकडची, नुकतंच लग्न झालेलं, नवरा बँकेत. जनावरांची डॉक्टर बाई असू शकते, हे पचायला गावाला सहा महिने लागले. लोक बैल घेऊन येत, मला बघत आणि विचारत, "डॉक्टरसाहेब कधी येतीन?" मी चिडे. चिडण्यात माझा हात धरणारं तेव्हा कुणी नव्हतं.

काका पहिल्यांदा आले ते मात्र मला बघून खूश झाले. म्हणाले, "बरं झालं बाई, तुमी आल्या. माह्या लेकीले बाईच डॉक्टर पाह्यजे होती."

"माणसांचा दवाखाना पलीकडे आहे," मी फटकारलं.

काका बाजूला सरले. मागे एक तांबूस, उंच कानांची कुत्री बसली होती. ती उठली, सावकाश पुढे आली आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून बसली. तिच्या पंजात काटा रुतला होता. काटा निघाला, कुत्रीने हूं की चूं केलं नाही, आणि काकांचा हात दुपट्ट्याकडे गेला. "हिच्या पह्यल्या वेताचं येक पिलू तुमचं, बाई. गाठ मारली."

म्हणजे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या नावाची गाठ पडली.

काका-काकूंना चार मुलगे. मुलगी नाही. "देवानं चारदा पाह्यलं आन चारदा चुकला," असं काकू म्हणत. मुलगे शेतावर आणि नोकरीत पांगले, आणि घरात कुत्र्या राहिल्या. काकांच्या कुत्र्यांची जात कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, पण राखणीला त्या नामी. कापसाच्या गंजीवर सोडली की चोराला भुंकून पळवणार नाही, धोतर धरून मालक येईपर्यंत उभा करणार. म्हणून त्यांच्या पिलांना मागणी फार. त्यातही मादी पिलू देताना काका माणूस पारखून घेत. घरात लहान पोरं किती, सावली कुठे, पाणी कोण ठेवणार. मुलगी द्यायच्या आधी लोक करतात ती सगळी चौकशी.

दिलेल्या घरावरूनच मग तिचं नाव पडे. नालवाडीवाली, पिपरीवाली, जिनवाली, स्टेशनवाली. नालवाडीत एक शेतकरी, पिपरी मेघेत एक मास्तर, एका जिनिंगचा चौकीदार आणि एक रेल्वेतला, रूळ बदलणारा पॉइंट्समन, अशी ही चार सासरं. मी काटा काढला ती यांतलीच नालवाडीवाली, तेव्हा काकांकडे आलेली. काका-काकू बोलत बसले की नवख्या माणसाला वाटे, कुठल्या सुनाबाळींची गोष्ट चालली आहे.

"नालवाडीवाली लै वाळली म्हन्तेत."

"वाळन नाई तं काय? कामच तसं हाय तिले. रातभर जागते बिचारी."

आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हा या घरचा कायदा. लेक गाभण राहिली की दिवस भरायच्या महिनाभर आधी काका तिला आणायला जात. नालवाडीवाली ओळखीच्या ट्रकवाल्याच्या शेजारी केबिनमध्ये बसून आली, आणि रस्ताभर खिडकीतून तोंड काढून बघत होती म्हणे. गोठ्याला लागून एक खोली होती, तिला बाळंतिणीची खोली म्हणत. खाली काकूंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. स्टेशनवाली पहिल्यांदा याच गोधडीवर व्याली होती आणि तिला सातही पिलं धडधाकट झाली होती. तेव्हापासून गोधडी शकुनाची ठरली. ती उन्हात घालायची, झटकायची, पण पाण्यात बुडवायची नाही. पाण्याने शकुन जातो. खारीक, खोबरं, डिंक घालून लाडू होत. दिवाळीलाही लेकी माहेरी येत आणि चौघी त्या खोलीत एकमेकींच्या अंगावर पडून झोपत.

मी हे सगळं डोळ्यांनी बघत होते, हसत होते आणि लाडूही खात होते. डॉक्टर असून माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

आधी नालवाडीवालीने पिलं टाकली. दिवस भरायला पंधरवडा असताना, गोधडीवर, मेलेली पाच. कुत्री मात्र ठणठणीत. खाते, पिते, शेपूट हलवते. पहिलटकरीण, होतं कधी कधी, असं मी म्हणाले आणि कॅल्शियमचं इंजेक्शन ठोकलं. ती महिनाभर तिथेच राहिली, कारण बाळंतपण वाया गेलं म्हणून काकू काही तिला लगेच सासरी पाठवणार नव्हत्या. तोवर पिपरीवाली आली. तिचंही तेच. मग जिनवाली. तिचंही तेच.

जिनवालीच्या वेळी मी काकूंवर उखडले. "लाडू बंद! कुत्रीला डिंक कसला चारता? तुम्हीच मारता आहात पिलं." काकू पदराने परात झाकून आत गेल्या. लाडवांचा यात काडीचा दोष नव्हता. ते वाक्य आजही आठवलं की मला माझाच कान धरावासा वाटतो.

गावाने आपापली औषधं सांगितली. कुणी नजर काढली, कुणी दारावर लिंबू-मिरची बांधली. काकांनी चौघींच्या गळ्यात घुंगरू ओवलेले पट्टे घातले, त्याचा उपयोग एवढाच की कुत्र्या कुठे आहेत ते कळू लागलं. दुपट्ट्यावर एव्हाना सात गाठी जमल्या होत्या आणि एकही सुटत नव्हती. काका हसत, पण बोलता बोलता बोटं गाठींवरून फिरत. "शब्द देल्ला हाय ना बाई," ते म्हणत. "लोक काई म्हनत नाई. पर माहा खांदा दुखते."

मग स्टेशनवाली, जिला आधी सात पिलं झाली होती, तिनेही दुसऱ्या खेपेला सासरीच पिलं टाकली. आता पहिलटकरीण म्हणायची सोय उरली नाही. त्या दुपारी मी ट्रंकेतल्या कॉलेजच्या वह्या काढल्या. आमचे एक म्हातारे सर वर्गात म्हणत, "कुत्री दिसायला धडधाकट आणि दिवस भरायच्या पंधरा दिवस आधी पिलं टाकते, तर आधी रक्त बघा, मग देव बघा." वहीत ते वाक्य होतं, खाली रोगाचं नाव होतं, ब्रुसेल्ला, आणि त्याखाली मी शेजारणीबरोबर फुली-गोळा खेळले होते.

चौघींचं रक्त काढलं. काकांच्या घरच्या राजा नावाच्या कुत्र्याचंही काढलं. बाटल्या बर्फात घालून आमच्या घरच्या थर्मासमधून नागपूरला प्रयोगशाळेत पाठवल्या. त्या थर्मासमधून पुढे आमच्या घरी कुणी चहा प्यायलं नाही. उत्तर यायला तीन आठवडे लागले. पाचही कुत्र्यांच्या रक्तात तो रोग होता.

मी दुकानात गेले. काका दोर वळत होते. मी समजावून सांगितलं की हा जंतूंचा रोग आहे. टाकलेल्या पिलांमधून, अंगावरून जाणाऱ्या पाण्यातून, नर-मादी एकत्र आल्याने एकीचा दुसरीला लागतो. आता चौघींपैकी कुणाला निरोगी पिलं होतील याचा भरवसा नाही. इंजेक्शनं देऊ, पण रोग आत दबा धरून बसतो.

"मंग कोठून लागला येकमेकीले?" काकांनी विचारलं. "येक नालवाडीले, येक स्टेशनवर. भेटतेत कोठी त्या?"

 विचारता विचारता त्यांचा हात दोरावर थांबला.

"इथीच भेटतेत," ते हळूच म्हणाले. "म्हंजे माहेरानंच लेकीले रोग देल्ला."

मी सांगितलं, खोली बंद करा. गोधडी जाळा. यापुढे कुठलीही कुत्री इथे बाळंतपणाला आणू नका आणि ज्यांना ज्यांना शब्द दिला त्यांना खरं सांगा.

इथे काका अडले. एरवी माझा शब्द खाली पडू न देणारा माणूस दोर बाजूला ठेवून उभा राहिला. "माहेर बंद नाई होत, बाई. आन लोकाईले काय सांगू? दोरवाल्यानं रोग वाटला? त्यापरीस दुपट्टाच जाळतो." दोन दिवस मी गेले, दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी मी बाळंतिणीच्या खोलीत उभी राहून त्यांच्याशी भांडत होते. भांडता भांडता म्हणाले, "आणि हा माणसालाही लागू शकतो काका, क्वचित का होईना. ताप येतो, महिना महिना जात नाही. त्या गोधडीला काकू हात लावतात!" एवढं बोलले आणि मला कोरडा उमासा आला. मी चौकटीला धरून उभी राहिले.

काकांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "कितवा महिना चालू हाय तुले?"

त्यांनी मला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं, आणि माझ्याही ते लगेच ध्यानात आलं नाही. "चौथा," मी म्हणाले.

"चौथा! आन तू या खोलीत उभी होऊन मले अक्कल शिकवून राह्यली? निघ! निघ पह्यले भाईर!" दंडाला धरत नव्हते, पण दोन्ही हात पसरून, वासरू हाकलावं तसं त्यांनी मला अंगणाबाहेर काढलं. पाठोपाठ कडी वाजली, कुलूप लागलं. मी तीन दिवस शास्त्र सांगत होते, ते वाया गेलं. माझा उमासा कामी आला.

त्याच दुपारी परसात गोधडी जळली. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तव्हाच धुतली असती तं?" मी म्हणाले, "नुसत्या धुण्यानं भागलं नसतं, काकू. आणि लाडवांचं मी बोलले ते चुकलं." काकू म्हणाल्या, "मले मालूम होतं. लाडवानं कोनाचं वाईट झालं हाय का आजवर?"

मग काका निघाले. सायकलवर, एसटीवर, ट्रकवर, जमेल तसे. दुपट्ट्यावर सात गाठी होत्या, त्यांतल्या सहा लोकांच्या आणि एक माझी. ज्याच्या त्याच्या दारात उभं राहून ते सांगत, "माह्या घरून लेकीईले रोग लागला. पिलू नाई देऊ शकत. गाठ सोडाले आलो." आणि त्या माणसाच्या देखत, पिलू न देता, ती गाठ सोडत. आवळून बसलेल्या गाठी, नखाने सुटेनात, तर दाभण घेऊन जात. सहापैकी चौघांनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही, असं ते परत आल्यावर सांगत होते. उरलेल्या दोघांचं काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही.

घोटाळा झाला तो सासरी. रोग म्हटल्यावर लोक बिथरले. पिपरीच्या मास्तरांनी सरळ सांगितलं, घरात लहान मुलं आहेत, कुत्री कुठेतरी लांब सोडून येतो. मास्तरांना मी दोष देत नाही. पण काका तिथून परत आले ते पिपरीवालीला घेऊनच. आठ दिवसांत नालवाडीवाली आली. मग जिनवाली, मग स्टेशनवाली. पॉइंट्समन डोळे पुसत सोडायला आला होता, आणि त्याच्याबरोबर तिची ताटलीही होती.

मी डोक्याला हात लावला. "काका, मी माहेर बंद करा म्हणाले होते!"

"बाळातपनाचं बंद केलं. तुह्या शब्दाभाईर गेलो नाई," काका शांतपणे म्हणाले. "पर सासरानं टाकलेली लेक माहेरी नाई तं कोठी जाईन?"

"पण या घरात आहेत तोवर तुम्हाला नवीन कुत्रं आणता येणार नाही. एकही पिलू या अंगणात जन्मणार नाही. कळतंय का? तुमची पिलं संपली."

काकांची बोटं दुपट्ट्याकडे गेली. तिथे एकच गाठ उरली होती, माझी. तिच्याशी ते थोडा वेळ चाळा करत राहिले. चौघी घुंगरू वाजवत अंगण हुंगत होत्या, आणि राजा आपल्याला कुणी विचारत का नाही म्हणून कोपऱ्यात बसला होता.

"तुहीच गाठ राहून जाईन, पोरी," ते म्हणाले. "सोडू का?"

"राहू द्या," मी म्हणाले. मला रडू आलं होतं आणि ते मला दाखवायचं नव्हतं.

पाचही जणांची ऑपरेशनं झाली, म्हणजे वंश बंद. काकांनी मला हात लावू दिला नाही. वर्ध्याहून माझ्या ओळखीचे एक डॉक्टर बोलावले, आणि मी दवाखान्याच्या खिडकीबाहेर उभी राहून त्यांना सूचना देत होते. ते बिचारे शेवटी वैतागून म्हणाले, "मॅडम, एक तर तुम्ही आत या, नाहीतर खिडकी लावा." काकांनी खिडकी लावली. इंजेक्शनांचे दिवस संपेपर्यंत अंगणात चुना पडत राहिला, आणि काका साबणाने हात धुऊन धुऊन इतके गोरे झाले की काकू त्यांची थट्टा करत.

सातव्या महिन्यात मी साताऱ्याला माहेरी निघाले, तेव्हा काकू डबा घेऊन आल्या. डिंकाचे लाडू. मी हसले, त्याही हसल्या. मुलगी झाली. परत आले तेव्हा बाळाला बघायला काका आमच्या घरी आले, पण उंबऱ्याबाहेर थांबले. आधी नळावर हात धुतले, मग पुन्हा धुतले, आणि बाळाला न उचलता तिच्या पायाशी दोन बारीक घुंगरू ठेवले. "बैलाचे नोहोत," म्हणाले. "नवे आनले हाएत." मी म्हटलं, आता आम्ही दोघी येऊ की तुमच्याकडे. तर मान हलवली. "दुकानात येजो. अंगनात नाई. तुले माहेर बंद हाय."

दुकानात मात्र मी रोज जायची. माझी पोर दोरांच्या ढिगावर बसायला शिकली. आणि उंबऱ्यापलीकडे, मधल्या बंद फाटकामागे, चौघी रांगेत बसून आमच्याकडे बघत. त्यांना बघून मला कधी वाईट वाटलं नाही. चौघीही लठ्ठ झाल्या होत्या. राखण करणाऱ्या जातीच्या त्या नामी कुत्र्या आता दिवसभर उन्हात पडून असत, आणि एकदा तर दुकानातून घागरमाळ चोरीला गेली तेव्हा चौघीही जाग्या असून जागच्या हलल्या नाहीत, असं काका कौतुकाने सांगत. "सासरी लै जागल्या. आता झोपू दे."

माझी बदली झाली. निघताना काकांनी दुपट्ट्याचं टोक दाखवलं. गाठ होती. "लेकी हाएत तोवर तं नाई. पर मंग देईन. येजो."

कुत्र्या म्हातारपणाने एकेक करून गेल्या. काकांच्या मुलाच्या हातचं पत्र येई, त्यात एवढंच असे, "जिनवाली गेली. बाकी बरे." "राजा गेला. बाकी बरे." "स्टेशनवाली गेली. बाकी बरे." "पिपरीवाली गेली." मग एकदा पत्र आलं, त्यात बाकी बरे नव्हतं. काका गेले होते.

मी गेले तेव्हा तेरावा उलटून गेला होता. दुकान उघडं होतं, मुलगा बसला होता. काकूंनी मला बघितलं, आणि मधलं फाटक उघडलं. इतक्या वर्षांनी मी त्या अंगणात पाय ठेवला. बाळंतिणीच्या खोलीत आता सरकी भरली होती.

"दुपट्टा?" मी विचारलं.

काकूंनी बोट दाखवलं. ओट्यावर नालवाडीवाली झोपली होती. चौघींतली शेवटची. तोंड पांढरं झालेलं, डोळ्यांवर धुरकट पडदा, गळ्यात तोच घुंगरांचा पट्टा. अंगाखाली काकांचा दुपट्टा. "ते गेले त्या दिवशीच खुटीवरून वढून घेतला," काकू म्हणाल्या. "तव्हापासून सोडत नाई. म्या पाह्यलं, तुही गाठ हाय अजून. तूच सोड माय. मले नाई सोडवत."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. गाठ तिच्या पुढच्या पायाशी होती, काळपट, आवळलेली. मी हात पुढे केला. घुंगरू वाजले. ती उठली नाही, फक्त पुढे सरकली आणि हनुवटी माझ्या हातावर टेकवून पुन्हा झोपली. हाताखाली गाठ होती. मी हात काढला नाही. काकू आत गेल्या, आणि थोड्या वेळाने लाडवांचा डबा उघडल्याचा आवाज आला.